माळ घातली, आता औषध कशाला?

आषाढी जवळ आली की व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा असतो. आई किंवा मोठा भाऊ सोबत असतो. तपासणी होते, गोळ्या लिहून दिल्या जातात आणि आई विचारते, ‘डॉक्टर, एकादशीला याच्या गळ्यात माळ घालणार आहोत. मग या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?’ कुणी वारीऐवजी बैठकीचं नाव घेतं, कुणी दर्ग्याचं, कुणी चर्चमधल्या प्रार्थनासभेचं. प्रश्न तोच असतो.

या प्रश्नाला ‘हे सगळं थोतांड आहे’ असं उत्तर देणारे डॉक्टर आहेत. ‘औषधाने कुठे दारू सुटते? त्याला मनच लागतं’ असं सांगणारे महाराजही आहेत. दोघांच्या मध्ये जे घर अडकतं, त्याचं नुकसान होतं.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात. उरलेले ३७ जण जातात कुठे? बरेचसे कुठेच जात नाहीत. जे जातात, त्यांतले पुष्कळ देवाच्या दारी जातात. देऊळ, मठ, दर्गा, चर्च गावात असतं, तिथे केसपेपर काढावा लागत नाही आणि ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला’ असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे श्रद्धेच्या वाटेने होणारी व्यसनमुक्ती हा अपवाद नाही. आपल्याकडे तीच पहिली पायरी आहे.

श्रद्धेतलं नेमकं काय उपयोगी पडतं?

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन गावोगावच्या कीर्तनांत दारूवर कोरडे ओढले. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मांसाहार सोडायचा, एकादशी पाळायची, हरिपाठ म्हणायचा, वारी करायची. हे नियम वैद्यकाच्या नजरेने पाहण्यासारखे आहेत. माळेमुळे निर्णय सगळ्यांसमोर जाहीर होतो. ‘घे रे एक’ म्हणणाऱ्याला नकार द्यायला सोपं कारण मिळतं. संध्याकाळी सहा ते नऊ हा सर्वात धोक्याचा वेळ हरिपाठात आणि भजनात जातो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मित्र बदलतात.

जगभर पसरलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘एए’च्या सभांमध्येही हेच घटक आहेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीच्या बारा पायऱ्यांमध्ये ‘आपल्याहून मोठी शक्ती’ येते, मात्र ती कोणती हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. या पद्धतीबद्दल डॉक्टरांच्या मनात बरीच वर्षं शंका होती. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. रुग्णांना पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं, तर वर्तनोपचारांसारख्या इतर पद्धतींत ते ३५ टक्के होतं. हे कसं घडतं याचा शोध घेणाऱ्या अभ्यासांत मुख्य वाटा संगत बदलण्याचा आणि ‘मला जमेल’ या विश्वासाचा दिसला. व्यसन जितकं तीव्र, तितका अध्यात्माचा वाटाही वाढलेला दिसला.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. हा पुरावा एएचा आहे. कुठल्याही आश्रमाला किंवा बाबांना तो आपोआप लागू होत नाही. शिवाय तरुणांना सुरुवातीला आपल्या वयाची माणसं असलेल्या गटाचा अधिक उपयोग होतो, असंही संशोधनात दिसलं आहे. साठीच्या भजनी मंडळात एकटा बसवलेला बावीस वर्षांचा मुलगा चार दिवसांत पळ काढतो. त्यात नवल नाही आणि तो त्याच्या श्रद्धेचा दोषही नाही.

पहिले चार दिवस रुग्णालयाचे

श्रद्धेचं बळ मान्य केलं तरी एका ठिकाणी ती पुरी पडत नाही. ते ठिकाण म्हणजे दारू थांबवल्यानंतरचे पहिले काही दिवस.

दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू हा ब्रेक गृहीत धरून अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायला शिकतो. दारू एकदम बंद केली की ब्रेक निघतो, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतात. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो, नाडी धावते. याला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर तो जिवावर बेततो.

आता हेच चित्र घरातल्यांच्या नजरेने पाहा. काल देवासमोर शपथ घेतली, आज मुलगा बडबडतोय, त्याला माणसं दिसतायत. ‘बाहेरचं लागलं’ असं वाटायला वेळ लागत नाही. मग अंगारा, उतारा, देवऋषी यांत दोन दिवस जातात. नेमके तेच दोन दिवस औषधांचे असतात. योग्य मात्रेतल्या शामक गोळ्या दारूच्या जागी तात्पुरता ब्रेक लावतात आणि आठवड्याभरात कमी करत थांबवता येतात. सोबत बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ मुळात कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

म्हणून ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला दारू लागते, ज्याला पूर्वी फिट आली आहे, त्याने शपथ जरूर घ्यावी, पण दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी.

ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य नशेचा धोका वेगळा आहे. ती थांबवताना त्रास प्रचंड होतो, जीव सहसा जात नाही. मात्र दोन-तीन महिने आश्रमात राहून आलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर पडून त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. अशा रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध दीर्घकाळ देणं हा पुराव्याने सिद्ध झालेला उपचार आहे. ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ म्हणून ते बंद करायला लावणारी केंद्रं त्या मुलाला धोक्यात ढकलतात.

‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोनचा प्रश्न तर आता महाराष्ट्राच्या घराघरात शिरला आहे. २०२३ मध्ये नाशिक आणि सोलापूर भागात, तर २०२४ मध्ये कुरकुंभला एमडी बनवणारे कारखाने पोलिसांनी उघडकीस आणले. या नशेत संशय, भास आणि आक्रमकता इतकी वाढते की तो मानसिक आजार आहे की बाधा, असा वाद घरात सुरू होतो. भास आवरायला औषधं आहेत, पण एमडीची ओढच मिटवणारी गोळी आज उपलब्ध नाही. म्हणजे इथे समुपदेशन, दिनक्रम, संगत यांवर अधिक भार येतो आणि चांगल्या श्रद्धासमूहाचा उपयोगही तितकाच अधिक होतो.

माळ तुटते तेव्हा

व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेच्या आकडेवारीनुसार ४० ते ६० टक्के रुग्णांमध्ये व्यसन उलटतं. दमा आणि उच्च रक्तदाबातही साधारण तसंच घडतं. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला पापी म्हणत नाही. पण माळ घातलेला मुलगा एका लग्नात दोन पेग प्यायला की तो मोडलेल्या शपथेचा गुन्हेगार होतो. तो माळ काढून ठेवतो, भजनाला जाणं सोडतो, ज्यांनी हात धरला होता त्यांचंच तोंड चुकवतो. दोन पेगांनी झालं नसतं तेवढं नुकसान ही शरम करते. घरात आई म्हणते, ‘माझीच भक्ती कमी पडली.’ मग उपास वाढतात आणि डॉक्टरांची तारीख चुकते.

एएच्या सभेत घसरलेला माणूस परत येतो, उभा राहून सांगतो आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागतो. तीच रीत आपल्या फडांत, बैठकांत, मंडळांत रुजायला हवी. ‘चुकलास, ये, पुन्हा घाल’ असं म्हणून स्वतःच्या हाताने माळ घालून देणारे ज्येष्ठ वारकरी मला माहीत आहेत. त्यांचा उपचार माझ्या कुठल्याही गोळीइतका मोलाचा आहे.

घरच्यांनी काय करावं?

‘तो तयारच होत नाही’ ही सगळ्यात मोठी तक्रार. तिच्यावर अनेक घरं चोरून औषध घालण्याचा मार्ग काढतात. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पुड्यांत काय असतं हे कुणी सांगत नाही. डायसल्फिराम हे औषध रुग्णाच्या संमतीने उपयोगी आहे; नकळत दिलं आणि वर तो दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हा मार्ग पूर्ण बंद करा.

दुसरा मार्ग घरच्यांच्या प्रशिक्षणाचा आहे. मुलगा शुद्धीवर असेल तेव्हा प्रेमाने वागा, प्यायलेला असेल तेव्हा वाद घालू नका, त्याचं कर्ज फेडू नका, त्याच्यासाठी ऑफिसात खोटं सांगू नका आणि तो स्वतःच कंटाळलेला दिसेल त्या क्षणी उपचाराची गोष्ट काढा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उपचार नाकारणाऱ्या माणसांच्या घरच्यांना असं शिकवलं, तेव्हा ६४ टक्के जण उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं.

एखाद्या धार्मिक केंद्रात मुलाला ठेवण्याआधी पाच गोष्टी विचारा. डॉक्टर किती वेळा येतात? चालू औषधं बंद करायला सांगतात का? मुलाशी फोनवर आणि प्रत्यक्ष बोलता येतं का? पैसे किती आणि पावती मिळते का? पुन्हा प्यायला तर काय करतात? मारहाण, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं यांची कुणकुण लागली तरी मुलाला घरी आणा. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडी इथे श्रद्धास्थानाजवळच्या निवासाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण होरपळून मेले. साखळ्यांमुळे त्यांना पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी आहे आणि दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था या कायद्यात येतात. ‘आश्रम आहे, रुग्णालय नाही’ ही पळवाट मान्य होता कामा नये.

दोन्ही हात जोडता येतात

हे जमतं याचे दाखले जवळच आहेत. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’ने बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तांगण’ने धर्माचं नाव न घेताही वैद्यकीय उपचार, समूह आणि कुटुंब यांची मोट बांधली. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ उपक्रमात मुजावरांनीच मनोरुग्णांना तिथल्या डॉक्टरांकडे पाठवायला सुरुवात केली.

सरकारने यातून शिकावं. वारीच्या वाटेवर आरोग्यपथकं असतातच. त्यांत व्यसनमुक्ती समुपदेशक हवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने कीर्तनकार, मौलवी, पाद्री, बैठकीचे श्रीसदस्य यांना निदान तीन लक्षणं शिकवावीत: फिट, भ्रम आणि आत्महत्येचं बोलणं. ती दिसली की रुग्णालय गाठायचं. आणि आम्ही डॉक्टरांनी केसपेपरवर एक रकाना वाढवावा: हा मुलगा कुठल्या मंडळात, कुठल्या सभेत जातो? तिथल्या एका माणसाला, मुलाच्या परवानगीने, पुढच्या भेटीला बोलवावं.

तेव्हा माळ घाला. गोळ्या कधी थांबवायच्या ते मात्र डॉक्टरांबरोबर ठरवा. काही औषधं आठवड्यात थांबतात, काही वर्षभर चालतात. आणि वारीहून परतल्यावर आठवड्याभरात मुलाला पुन्हा दाखवायला आणा. वाटेत अडचण आली तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हे क्रमांक निःशुल्क आहेत. ते मुलाच्या फोनमध्ये नको, आईच्या फोनमध्ये साठवून ठेवा.