‘एक्स्पंज’ : खोडणे की पुसणे?

अनुवाद करताना शब्दाचा अर्थ पाहावा लागतो, तशीच त्यामागची मूळ कृतीही पाहावी लागते. ‘एक्स्पंज’ हे इंग्रजी क्रियापद या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. मराठीत ते बहुधा ‘काढून टाकणे’ किंवा ‘पुसून टाकणे’ असे येते. माझ्या मते हे दोन्ही पर्याय अपुरे आहेत.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. यादीतून जे नाव कमी करावयाचे, त्याला टिंबाची खूण केली जाई. आपल्या परिचयाचा ‘पंक्चर’ हा शब्दही याच धातूपासून आला. मध्ययुगीन युरोपातील लेखनिक चुकलेल्या अक्षरांखाली टिंबे देत. अक्षर वाचता येई. मात्र ते ग्राह्य नाही, हेही वाचकाला कळे. पुढे इंग्रजीत ‘स्पंज’शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे या शब्दाला पुसण्याची छटा चिकटली.

तरीही व्यवहारात खूण टिकून राहिली. अमेरिकेच्या सिनेटने १८३४ साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर ठपका ठेवला. १८३७ साली ती नोंद ‘एक्स्पंज’ करण्याचे ठरले, तेव्हा मूळ पानावर काळ्या रेघा ओढून सिनेटचा आदेश तेथेच लिहिण्यात आला. आपल्या लोकसभेतही अध्यक्षांच्या आदेशाने वगळलेल्या शब्दांच्या जागी छापील वृत्तांतात तारांकने येतात आणि तळटीप दिली जाते. शब्द जातात, पण ते वगळले गेले, ही नोंद राहते.

आपल्या परंपरेलाही ही रीत अपरिचित नाही. पोथीतील चुकीच्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. लेपाखाली अक्षर झाकले जाई. दुरुस्ती मात्र उघड दिसे.

म्हणून ‘एक्स्पंज’साठी ‘खोडणे’ हे क्रियापद मला अधिक जवळचे वाटते. ‘काढून टाकणे’ रूढ आहे, हे खरे. परंतु त्यातून मागे उरणाऱ्या खुणेचा बोध होत नाही. पाटीवरचे पुसले की काहीच उरत नाही. खोडलेल्या ओळीवर मात्र रेघ उरते. सार्वजनिक दप्तरात हा भेद केवळ शब्दांचा नाही. खोडलेल्या नोंदीबद्दल नागरिकाला प्रश्न विचारता येतो. पुसलेल्या नोंदीबद्दल विचारावे, हेच त्याला सुचणार नाही.