विहिरीत उतरू द्या पाइपांचा पाणबुड्या



कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत ‘पाण्याखाली चालणारे यंत्र बनवू या’ असे कोणी म्हटले, तर पहिला प्रश्न कोणता येईल? ‘पण इथे समुद्र कुठे आहे?’ खरेच आहे. रायगडचा समुद्र उरण, अलिबाग, मुरूडकडे. आपल्या वाट्याला सह्याद्रीचे कडे, भातखाचरे, उल्हास आणि पाताळगंगा. तेव्हा असले उद्योग किनाऱ्यावरच्या मुलांनी करावेत, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र नेमके उलटे वाटते. हे यंत्र आपल्याच शाळांनी बनवावे आणि तेही विकतचा संच न आणता, साध्या प्लॅस्टिकच्या पाइपांतून.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. चालवणारा काठावर, यंत्र पाण्यात आणि दोहोंमध्ये एक लांब तार, असे हे दूरनियंत्रित पाणयान. तार कशासाठी? रेडिओलहरी पाण्यात फार लवकर विरून जातात, म्हणून पतंगाच्या दोरीसारखी ही तार सोडावी लागते. १९६६ साली स्पेनजवळच्या समुद्रात पडलेला हायड्रोजन बाँब अमेरिकी नौदलाने अशाच यंत्राच्या मदतीने आठशे मीटरहून अधिक खोलीवरून वर काढला. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे ‘रोसब ६०००’ हे यान २०१० साली हिंदी महासागरात ५२८९ मीटर खोल गेले. समुद्रातल्या तेलविहिरी आणि वाहिन्या तपासण्यासाठीही अशी याने जगभर वापरतात.

ही झाली मोठ्यांची याने. पण १९९७ साली हॅरी बोम आणि विकी जेन्सन यांनी पाइपांतून असे यान कसे बनवावे, यावर एक पुस्तक लिहिले. त्यातूनच पुढे अमेरिकेत ‘सीपर्च’ नावाचा शालेय उपक्रम उभा राहिला.

सामान काय लागते? नळकाम करणाऱ्याच्या दुकानात मिळणारा पाइप, एल्बो, टी आणि टोपणे. बारा व्होल्टच्या तीन छोट्या मोटरी आणि पंखे. दोन मोटरी पुढे-मागे जाण्यासाठी व वळण्यासाठी, तिसरी वर-खाली होण्यासाठी. उलटसुलट प्रवाह सोडणारी तीन बटणे, पंधरा मीटर तार, फ्यूज आणि काठावर ठेवायची बारा व्होल्टची बॅटरी. मोटर लहान डबीत ठेवून भोवती वितळलेले मेण ओतले की पाणी आत शिरायला वाट राहत नाही. मोबाइलला जोडता येणारा छोटा जलरोधक कॅमेरा मिळाला तर उत्तमच.

आता खरी गंमत. सांगाड्याचे पाइप हवाबंद करावेत असे तुम्हाला वाटेल. करू नका! एखादा सांधा झिरपला की यान एका अंगावर कलंडेल. त्यापेक्षा पाइपांना भोके पाडा, पाणी खुशाल आत येऊ द्या. तरंगण्यासाठी वरच्या बाजूला दोन जाड, हवाबंद नळ्या बांधा आणि खालच्या बाजूला लोखंडी नट-बोल्टांचे वजन. वर हलके, खाली जड. म्हणजे यान सरळ राहते. पाच सेंटीमीटर व्यासाची, तीस सेंटीमीटर लांबीची बंद नळी सुमारे ५९० घनसेंटीमीटर पाणी बाजूला सारते. म्हणजे ५९० ग्रॅमइतके प्लावक बल मिळाले. त्यातून नळीचे स्वतःचे वजन वजा करा. उरला तेवढा भार ती तोलून धरील. आर्किमिडीजचे तत्त्व परीक्षेत दोन गुणांचे असते. इथे ते चुकले तर यान थेट तळाशी जाते.

नळीऐवजी पाण्याची मऊ बाटली बांधली तर? पाच मीटर खोलीवर आतली हवा दोन-तृतीयांश जागेत दबते, बाटली चेपते, प्लावक बल कमी होते आणि यान आणखी वेगाने बुडू लागते. हा बॉईलचा नियम. तारेचे गणितही असेच. बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो. पंधरा मीटर जायचे नि पंधरा मीटर यायचे, असे तीस मीटर धरले तर अडीच ओहम झाले. मोटरीने दोन अँपिअर प्रवाह घेतला की बारापैकी पाच व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि मोटरीला उरतात सात! यान मंद का चालते, हे ओहमच सांगतो.

आता समुद्राचा प्रश्न. पाण्याचा दाब पाणी किती पसरले आहे यावर नसतो, खोलीवर असतो. पाच मीटर खोल विहिरीच्या तळाशी पाण्याचा जो दाब असतो, जवळजवळ तोच समुद्रात पाच मीटरवर असतो. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड, इतकाच फरक. म्हणजे दाब आणि तरंगणे यांची मोठी प्रयोगशाळा आपल्या गावात आधीच खणून ठेवलेली आहे!

शिवाय तिथे यंत्राला खरे काम आहे. आपल्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात काही वाड्या-पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीत गाळ किती साठला, झरे कुठून येतात, पंपाचा फूटव्हॉल्व्ह कशात अडकला, हे पाहायला आज कोणीतरी जीव धोक्यात घालून बुडी मारतो. ती पहिली बुडी यंत्राने मारावी. दर मीटरला तापमान मोजावे, तळाची चित्रे घ्यावीत, दरवर्षी मे महिन्यात नोंद करावी. पाच वर्षांची अशी वही गावाला कोणत्याही चषकापेक्षा मोलाची ठरेल.

शिक्षक म्हणतील, ‘विहीर म्हणजे जोखीम.’ त्यांची काळजी रास्त आहे, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय हा उपक्रम करूच नये. आधी सगळे प्रयोग पाण्याच्या पिंपात. मग मालकाच्या परवानगीने, भक्कम कठड्याच्या शेतविहिरीवर, शिक्षक आणि गावातली जाणती माणसे बरोबर असतानाच. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत यान सोडू नये. पंपाचा मेन स्विच बंद ठेवावा. घरातली वीज या यंत्राला कधीही जोडू नये. यानाला वेगळी नायलॉनची दोरी बांधावी आणि ते अडकले तर तिथेच सोडून द्यावे. यानासाठी कोणीही पाण्यात उतरायचे नाही! नदीत तर मुळीच नको. खोपोलीचे वीजघर १९१५ पासूनचे, भिवपुरीचे १९२२ पासूनचे. पहिल्याचे पाणी पाताळगंगेत येते, दुसऱ्याचे उल्हासेत. वीजघरातून पाणी सुटले की प्रवाहही बदलतो.

शेवटचे सांगणे परीक्षकांना आणि शिक्षकांना. विज्ञान प्रदर्शनात चकचकीत, न बिघडणाऱ्या प्रतिकृतीला बक्षीस मिळते. म्हणून मुले तयार संच आणतात, तो जुळवतात आणि प्रदर्शन संपले की माळ्यावर टाकतात. मी म्हणतो, गुण यानाला देऊ नका. यान किती वेळा बुडाले, का बुडाले आणि पुढच्या वेळी काय बदलले, हे लिहिलेल्या वहीला द्या. पाइप पुन्हा कापता येतो, सांधा पुन्हा जोडता येतो. तयार संचात ही मुभा फारशी नसते.

तेव्हा मित्रहो, येत्या सुट्टीत चार एल्बो, तीन टी आणि एक पाइप घेऊन सुरुवात करा. पिंपात यान पहिल्यांदा बुडेल, तेव्हा खट्टू होऊ नका. वही उघडा आणि तारीख घाला.