भुताटकीचे भांडवल

रामसे बंधूंचे भयपट पडद्यावर आले तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्याच वर्गातील आजची पिढी त्यांतले मुखवटे आणि रंगाचे रक्त पाहून कौतुकाने हसते. लहान गावांतील प्रेक्षकाने मात्र पदरमोड करून तिकीट काढले आणि तो खरोखर घाबरला. तो कशाला घाबरला, हा प्रश्न ना त्या तुच्छतेने विचारला, ना या कौतुकाने. खेदाची गोष्ट ही की, पुरोगामी चळवळीनेही तो विचारला नाही.

फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या एफ. यू. रामसे यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ १९७० मध्ये पडला. परंतु मुखवटा चढवून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांचा प्रसंग प्रेक्षकांना धरून ठेवतो, हे मुलांनी हेरले. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरी चित्रित केला. महागडे नट नाहीत, भव्य सेट नाहीत. लेखन, छायांकन, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन भावांनी वाटून घेतले. घरच्या श्रमावर चाललेला हा एक कुटीरोद्योगच होता.

या चित्रपटांचा प्रभाव सम नाही. ‘दो गज ज़मीन के नीचे’मध्ये संपत्तीच्या लोभाने घरच्याच माणसांनी गाडलेला पुरुष परत येतो. भाऊबंदकीत होरपळलेल्या समाजाला ही भीती परकी नव्हती. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मध्ये राजाने शिरच्छेद केलेला सामरी शाप देतो, की या घराण्यातील स्त्रिया बाळंतपणात मरतील. दवाखाना कोसोगणती दूर असलेल्या खेड्यातील बाईला हे कल्पित कसे वाटावे? अशा जागी मुखवट्याचा ओबडधोबडपणा डोळ्यांत सलत नाही. जेथे हा धागा सुटतो आणि ‘शोले’चे विडंबन किंवा स्त्रीदेहाचे प्रदर्शन भरीस घातले जाते, तेथे भय विरते आणि फक्त बाजार उरतो.

तथापि, खरी उणीव याहून खोल आहे. प्रेक्षकाच्या जीवनातून उचललेली भीती हे चित्रपट त्याच्या जीवनाकडे परत नेत नाहीत. मृत्यूचे कारण शाप ठरते आणि उपाय त्रिशूळ. राजाची सत्ता निर्दोष राहते, प्रजा मशाली धरण्यापुरती उरते. हा भांडवलाच्या टंचाईचा अपरिहार्य परिणाम म्हणता येणार नाही. अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ मध्ये अशाच तुटपुंज्या पैशांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. त्यातील कृष्णवर्णीय नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचतो आणि सकाळी बंदूकधारी गोऱ्यांच्या गोळीने मरतो. तेथे प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकत नाही. प्रश्न घेऊन घरी जातो.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यायचा बोध साधा आहे. लोकांच्या आवडीला हसू नये, तशी तिची आरतीही करू नये. अंधश्रद्धेवर व्याख्यान देण्यापूर्वी समोरची बाई कशाला भिते, ते तिच्याकडूनच ऐकावे. सामरी खोटा आहे हे तिला पटवणे फारसे अवघड नाही. परंतु बाळंतपणाचे तिचे भय खरे आहे, आणि गावात सुईण व दवाखाना आल्यावाचून ते कोणत्याही व्याख्यानाने जाणार नाही.