घरच्याच सामग्रीवर झालेले लग्न

माघ वद्य चतुर्दशीस अंबरनाथच्या शिवमंदिरी भाविकांची रीघ लागते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० सालच्या शिलालेखाने ज्याचा काळ निश्चित केला, ते हे शिलाहारांचे देवालय. आजची रात्र लोकमानसात शिवपार्वतीच्या विवाहाची. त्या निमित्ताने आपल्या घरच्या मंगलकार्यांविषयी चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात आले.

कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात हा विवाह वर्णिला आहे. मातृकांनी वराच्या शृंगाराची सामग्री पुढे मांडली. शंकराने मान राखण्यापुरता तिला हात लावला. मग अंगावरील भस्माचीच उटी झाली, मस्तकीचे कपाल शिरोभूषण ठरले, गजचर्माचे रेशमी वस्त्र झाले आणि तिसरा नेत्रच तिलक बनला. नवरदेव जुन्याच सामानावर बोहल्यावर चढला म्हणा ना! वधूपित्याची नगरी मात्र चीनांशुकाच्या पताकांनी आणि सोन्याच्या तोरणांनी सजली होती. परदेशी रेशीम तेव्हाही लागलेच, आणि तेही मुलीच्याच बापाला!

मंदिराला लागूनच वालधुनी वाहते. कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने ती काळवंडली आहे. हा सारा दोष वऱ्हाडाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर येथील लग्नसराईचा कचरा काही आकाशात विरून जात नाही. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे. त्यांच्या जागी नावाचे कागदी, आतून प्लॅस्टिकचा थर दिलेले पेले आले. अलीकडे ‘पर्यावरणस्नेही’ विवाहाचीही हौस निघाली आहे. तिच्यासाठी दूरदूरच्या शहरांतून शोभेच्या वस्तू मागवितात आणि दुसऱ्या दिवशी टाकून देतात. या हौसेचे आम्हांस कौतुक वाटत नाही.

खरे तर आपल्या जिल्ह्यास कोणाकडे शिकावयास जाण्याचे कारण नाही. वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्याहून देखणी सजावट आम्ही तरी पाहिलेली नाही. पळस रानात आहे, त्याच्या पानांच्या पत्रावळी होतात आणि जेवणानंतर त्यांचे खत होते. मांडवाला आंब्याचे डहाळे पुरतात. आजीच्या शालूचा अंतरपाट झाला तर मंगलाष्टके काही उणी पडत नाहीत. आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे मांडवाला शोभतात आणि पुन्हा घरी येतात. पंगतीची भांडी पूर्वी गावकीतून नेत आणि घासूनपुसून परत देत. ती रीत सोसायट्यांनी आणि मंदिरांनी पुन्हा चालू करावी, ही आमची आग्रहाची सूचना आहे. पाचशे ताटे एकदा घेतली तर किती कार्ये निभावतील, याचा हिशेब कोणीही करावा.

आक्षेप एकच येतो, आणि तो खरा आहे: लोक काय म्हणतील? वधूपित्याने साधेपणा केला तर तो कंजूष ठरतो, आणि मुलीला सासरी त्याचे टोमणे ऐकावे लागतात. म्हणून कर्ज काढून रोषणाई होते. २५ डिसेंबर १८७३ रोजी महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह लागला, तो अत्यल्प खर्चात. दीडशे वर्षे लोटली, तरी साधेपणाची लाज गेली नाही.

यास्तव पहिले पाऊल वरपक्षाने टाकले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. याद्यांच्या बैठकीत वरपित्याने आपण होऊन सांगावे की मांडव डहाळ्यांचा, पंगत पत्रावळींवर, अंतरपाट तुमच्या आजीच्या शालूचा. आणि ते यादीत लिहून खाली आपली सही करावी. वधूपित्याने हे सांगितले तर ती विनवणी ठरते. वैशाखातील मुहूर्तांच्या बैठका आता सुरू होतीलच.