आधी हिशेब, मग मंजुरी



शहराची हद्द आपल्या बांधापर्यंत आली आहे. काल ज्या शिवारात कपाशी आणि ज्वारी उभी होती, तेथे आज चुन्याच्या रेघा आणि प्लॉटचे दगड दिसतात. मोठ्या रस्त्यालगतच्या गावांतून दलाल सातबारे गोळा करत फिरतात. बैठकीत एक प्रश्न वारंवार निघतो, "शेजाऱ्याने जमीन दिली, आता तेथे वसाहत होणार. आम्ही काय करायचे?"

आमचे उत्तर असे, की त्या प्रकल्पाचा पर्यावरणाचा हिशेब मागा. लेखी मागा, आणि पाया खणण्याच्या आधी मागा.

एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. हा हिशेब मागणे म्हणजे प्रकल्पाला विरोध नव्हे. जमीन विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. कोरडवाहू शेतीत घातलेला पैसा परत येत नसेल आणि कोणी जमीन विकून मोकळा होत असेल, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण खरेदीखतात येतो तो फक्त विकणाऱ्याचा गट. शेजाऱ्याची विहीर, खालच्या अंगाचा नाला, गुरांची पांदण त्यात येत नाही. पाणी काही गट नंबर पाहून थांबत नाही. ज्याने एक गुंठाही विकला नाही, त्याच्या शेताची नोंद व्हावी असा कागद एकच, आणि तो म्हणजे पर्यावरणाचा अहवाल. म्हणून तो शहरवाल्यांच्या हौसेचा विषय समजून सोडून देऊ नका.

हिशेब अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ५० मिलिमीटरची एक दमदार सर आली, तर ५० हेक्टरवर अडीच कोटी लिटर पाणी पडते. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात. पहिल्या पावसाचे बरेचसे पाणी त्या भेगाच पितात. डांबर, फरशी आणि स्लॅब काही पीत नाहीत. ते पाणी एकदम खालच्या शेतात उतरते. काळ्या जमिनीचा निचरा मुळातच मंद, त्यात असा लोंढा साचला की कपाशी पिवळी पडून मान टाकते.

दुसरी बाजू उपशाची. शहरी वसाहतीला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. १०,००० वस्तीला रोज साडेतेरा लाख लिटर लागतात. एवढ्या पाण्यात रोज साडेसहा एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी होते. हे पाणी आणणार कोठून? नळयोजना येईपर्यंत बोअरमधून, असे उत्तर मिळाले तर सावध व्हा. आपल्या खाली काळा पाषाण आहे. त्याच्या मुरमाड थरात आणि फटीत साठेल तेवढेच पाणी. ते एकाने ओढले की दुसऱ्याची विहीर खाली जाते. आणि वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते कोणत्या नाल्यात जाणार?

आता कायदा पाहू. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे. तिच्यानुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. ५० हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वाशे एकर जमीन, किंवा दीड लाख चौरस मीटर बांधकाम असेल, तर पर्यावरणीय आघाताचा पूर्ण अहवाल करावा लागतो. मंजुरी राज्याचे पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देते.

मेख मात्र येथेच आहे. खाण किंवा मोठ्या कारखान्यासाठी जिल्हाधिकारी जनसुनावणी घेतात, ३० दिवस आधी नोटीस निघते, अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. बांधकाम आणि नवनगरांच्या प्रकल्पांना याच अधिसूचनेने सुनावणीतून सूट दिली आहे. म्हणजे मंडप पडेल, नोटीस लागेल, मग बोलू, असे म्हणत बसलात तर बोलावणे येणारच नाही. आपणच लिहिले पाहिजे.

दुसरी मेख मोजणीच्या हंगामाची. असे अहवाल बहुधा पावसाळा सोडून एका हंगामाच्या पाहणीवर केले जातात. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्यावर, ज्वारीची खळी आटोपल्यावर पाहणारा आला, तर त्याला नाला कोरडा दिसेल आणि रान पडीक. आपले सगळे वर्ष ज्या चार महिन्यांवर उभे असते, तेच कागदावर येणार नाहीत. ते आणून देणे आपल्याच हातात आहे. प्रकल्पवाल्याने जाणूनबुजून माहिती लपवली किंवा खोटी दिली, तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरी रद्द करता येते, असे अधिसूचनेतच लिहिले आहे.

उशिरा मागितलेल्या हिशेबाचे काय होते, ते मुळशीच्या डोंगरातील लवासाने दाखवले. राज्याने २००४ साली सुमारे २,००० हेक्टरला मंजुरी दिली होती. केंद्राची मंजुरी नाही म्हणून नोव्हेंबर २०१० मध्ये दिल्लीहून नोटीस आली आणि काम थांबले. तोवर डोंगर कापून झाले होते, इमारती उभ्या होत्या. नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. तो एवढ्याच कारणाने बुडाला, असे आम्ही म्हणत नाही. पण कापलेला डोंगर कोणतीही अट परत जोडत नाही.

काम आधी आणि मंजुरी मागाहून, हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ च्या निकालाने बंद केला होता. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला गेला. तेव्हा न्यायालय पुढे पाहून घेईल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

म्हणून प्रत्येक गावाने एवढे करावे.

१. प्रकल्पाच्या शेजारच्या प्रत्येक विहिरीचा गट नंबर, खोली, दिवाळीतली आणि मे महिन्यातली पाण्याची पातळी वहीत लिहावी.

२. तलाठ्याकडून गावनकाशा घेऊन त्यावर नाले, शिवरस्ते, पांदणी आणि गायरान रंगवावे. पावसाळ्यात वाहत्या नाल्याचे तारखेसह फोटो काढावेत.

३. जमीन एकाच मालकाची असून तुकड्यातुकड्यांनी परवानगी मागितली जाते का, यावर नजर ठेवावी. सगळ्या तुकड्यांचा एकत्र हिशेब मागावा.

४. ग्रामसभेत ठराव करून प्राधिकरण, जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयाला पाठवावा. पाणी कोठून, सांडपाणी कोठे, पावसाचे पाणी कोणाच्या शेतात, या तीन प्रश्नांची उत्तरे मराठीत आणि गावात येऊन द्यावीत, अशी मागणी त्यात असावी. पोच घेतल्याशिवाय परतू नये.

५. मंजुरी निघालीच, तर तीस दिवसांच्या आत पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळतात. त्यापुढे दार बंद होते.

जमीन विकणाऱ्यांनीही या ठरावावर सही करावी. आज विकलेल्या दहा एकरांच्या पलीकडे त्यांचीच राहिलेली चार एकर आहे, आणि विहीर त्या चार एकरांत आहे.

कापूस घालताना काटा झाल्याशिवाय आपण गाडी रिकामी करत नाही. शिवाराचा तर काटा एकदाच होतो. जिल्हा बैठकीला येताना गावाची वही आणि ठरावाची प्रत सोबत आणावी.