रक्तातले नव्हे, छातीतले!

परवा आमच्या गावच्या वाचनालयात एका विद्वान गृहस्थांशी माझा कडाक्याचा वाद झाला. ते डबल पदवीधर; मी मॅट्रिक झालेला मास्तर. वाद मी हरलो असे सर्वांचे मत पडले. म्हणून तो इथे, वाचकांच्या कचेरीत, पुन्हा मांडतो.

निमित्त एका बँडचे. रुमानियाच्या ईशान्येला, मोल्दाव्हिया भागात, झेचे प्रजिनी नावाचे एक आडगाव आहे. तिथल्या रोमा वादकांचा ‘फानफारे चोकर्लिया’ नावाचा पितळी वाद्यांचा ताफा आहे. चोकर्लिया म्हणजे चंडोल. हे लोक इजिप्तमधून आले अशा खुळ्या समजुतीने युरोपने त्यांना ‘जिप्सी’ म्हटले. ते स्वतःला रोमा म्हणवतात. पंचक्रोशीतली लग्ने, बारशी आणि मयते वाजवणाऱ्या या माणसांच्या गावी 1996 साली हेन्री अर्न्स्ट नावाचा एक जर्मन पोचला, आणि त्यानंतर त्यांनी अर्धे जग पालथे घातले.

त्यांच्या एका जलशाचे चित्रण माझ्या भाच्याने मला दाखवले. डझनभर माणसे, पोटे सुटलेली, कोणाचे दात सोन्याचे. पुढ्यात कागदाचा चिटोरा नाही. ट्युबा आणि हॉर्न खालून ठोका धरतात, ढोल त्याला ढुशी देतो आणि वरून क्लॅरिनेट-ट्रंपेट असे काही सुटतात, की पडवीत बांधलेले वासरू दावे तोडून पळावे! मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या घरात लय जाते. आत्ता गावचा ‘होरा’ नाच चालू आहे म्हणावे, तर तुर्की वळणाची तान येते. ती मुरते न मुरते तोच जेम्स बाँडच्या चित्रपटाची चाल. एका अमेरिकन रॉक गाण्याचीही त्यांनी अशीच वरात काढली आहे. खुर्चीत बसलेले गोरे लोक उठून नाचू लागतात. मीही, एक्केचाळीस वर्षांचा मास्तर, माजघरात उभा राहिलो होतो. खोटे कशाला बोलू?

आमच्या विद्वानांनी तीन ताशेरे झाडले. पहिला : “ही खिचडी आहे.” दुसरा : “संगीत या लोकांच्या रक्तातच असते.” तिसरा : “शेवटी ते आपलेच हो!”

खिचडी? मग पंगतीला काय शुद्ध वाढून ठेवले आहे? तुर्की आणि ऑस्ट्रियन फौजांच्या बँडांमागून पितळी वाद्ये त्या मुलखात रुजली. आपल्या संगीत नाटकाने विलायती ऑर्गनला सोवळे नेसवले, तेव्हा कोणाचा धर्म बुडाला? लग्नात वाजवणाऱ्याला यजमानाची चाल यावी लागते. शेतकऱ्याच्या घरी शेतकऱ्याची, ज्यूच्या घरी ज्यूची, आणि नवरदेवाला सिनेमा आवडला तर सिनेमाची. नाही आली तर चूल पेटत नाही. ज्याला आपण भेसळ म्हणतो, ती कारागिराची तयारी आहे. फ्रान्झ लिस्टने 1859 साली ग्रंथ लिहून सांगितले, की हंगेरीचे हे संगीत जिप्सींचेच. 1931 साली बेला बार्टोकने उलट ठणकावले, की ते जिप्सींचे नव्हेच. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, यावर दोन थोर माणसांनी शाई आटवली. इकडे वाजवणारा वाजवीत राहिला.

आता रक्त. हा शब्द स्तुतीचा वाटतो, पण तो मजुरी बुडवण्याचा शब्द आहे. रक्तात असेल तर मेहनत कसली, आणि मेहनत नसेल तर बिदागी कसली? वालाकिया आणि मोल्दाव्हिया या मुलखांत सुमारे पाचशे वर्षे रोमा हे गुलाम होते. सरदारांचे, मठांचे, राजाचे. मोल्दाव्हियात 1855 साली आणि वालाकियात 1856 साली ते सुटले. पुढे 1942 साली याच ‘रक्ता’चा हिशेब करून अँटोनेस्कूच्या सरकारने सुमारे 25 हजार रोमांना ट्रान्सनिस्ट्रियात हाकलले, आणि भुकेने, थंडीने, रोगाने त्यांतले हजारो मेले. 2010 साली फ्रान्सने त्यांच्या झोपड्या मोडून माणसे रुमानियाला परत धाडली. त्याच काळात युरोपात त्यांच्या बँडांना टाळ्या पडत होत्या. टाळी वादकाला आणि लाथ त्याच्या भावंडाला, असा हा रिवाज! नाही, विद्वान महाशय, ते संगीत रक्तात नाही. ते छातीत आहे. बापाच्या मांडीला मांडी लावून, ऐकून ऐकून, फुंकून फुंकून मिळवलेल्या दमात आहे.

राहिले ‘आपलेच’. त्यांच्या बोलीत पाण्याला पानी, नाकाला नाक आणि कानाला कानच म्हणतात. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांमागे उत्तर हिंदुस्थानातून गेले, हे भाषेने सिद्ध केले आहे. 1971 साली लंडनजवळ भरलेल्या त्यांच्या परिषदेने झेंड्यावर तांबडे चक्र घेतले. अभिमान वाटायला हरकत नाही. पण जे मागे राहिले, त्यांचे आपण काय केले? 1871 च्या कायद्याने इंग्रजाने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला. गावकुसाबाहेर पाल पडले की आजही आपण कोंबड्या मोजतो.

आणि हे लिहिणारा कोण मोठा लागून गेला? माझ्या वर्गात एक पोर आहे. लग्नसराईत ते बापाबरोबर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, म्हणून शाळा बुडते. गेल्या वैशाखात भर वर्गात मी त्याला म्हणालो, “पिपाण्या फुंकून पोट भरणार आहेस काय?” वर्ग हसला. ते खाली मान घालून उभे राहिले. त्याच आठवड्यात एका लग्नात मी पाटावर जेवत होतो, आणि ते लाल डगला घालून मांडवाबाहेर, सर्वांच्या पंगती उठण्याची वाट पाहत बसले होते. माझी त्याची नजरानजर झाली. मी जिलबीकडे पाहिले.

त्या पोराची चाल मी ऐकलीच नव्हती. अभंग, लावणी आणि सिनेमाचे गाणे त्याने एका दमात जोडले होते. झेचे प्रजिनीचे वादक तरी दुसरे काय करतात?

विद्वानांनी खुशाल मला हरवावे. शाळा उघडली, की मी त्या पोराला क्लॅरिनेट घेऊन वर्गात बोलावणार आहे. आणि पुढच्या लग्नात, वाचकहो, बँडवाल्यांची पंगत पहिली बसेल, तरच मी पाटावर बसेन.