कंपनी स्वस्तात उघडते, चालवणे महाग

गोडादऱ्यात साड्यांवर लेस लावण्याचे, एम्ब्रॉयडरीचे काम घेणारी आपली तरुण मंडळी हल्ली कंपनी काढायचे म्हणतात. काढणे खरेच सोपे झाले आहे. किमान एक लाख भांडवलाची अट २०१५ मध्येच गेली. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर सरकारी नोंदणी शुल्कही नाही. डिजिटल सही, स्टॅम्प ड्युटी असा किरकोळ खर्च येतो.

खरा खर्च पुढे. धंदा शून्य असला तरी कंपनीला दरवर्षी ऑडिट आहेच. दोन वार्षिक फॉर्म राहिले तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये, म्हणजे वर्षाचे ७३,०००! दोघे भागीदार असतील आणि पैसा बेताचा असेल, तर आम्ही एलएलपी सुचवू. उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचे भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर तिला ऑडिटची सक्ती नाही.

‘मर्यादित जबाबदारी’ मात्र कर्ज घेताना पातळ होते. बँकेत असताना आम्ही संचालकांची वैयक्तिक हमी घेतच असू. कंपनीची दिवाळखोरी निकाली निघाली तरी हमीदार आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. त्या कागदावर सही करण्याआधी घरात बोलावे.

एकट्याचे काम असेल तर तूर्त उद्यम नोंदणी पुरे. ती मोफत आहे. एजंटाने पैसे मागितले तर देऊ नयेत.